तिसरा रकाना

वीज साडेसातला गेली.
म्झूझूत जूनमध्ये हे रोजचंच.
मेणबत्तीपाशी बसून मी पेपरचा तक्ता आखते :
आडवे धडे, उभे रकाने तीन.
पहिला ज्ञानाचा, दुसरा हाताच्या कौशल्याचा.
तिसऱ्याला ब्लान्टायरच्या प्रशिक्षणात ‘भावात्मक’ म्हणाले होते,
जेवणाच्या सुट्टीआधी, घाईघाईनं.

‘समजते’ हे क्रियापद वापरायचं नाही, असा दंडक.
समजणं दिसत नाही.
लिहायचं : सांगते, मोजते, ओळखते, फरक करते.
दिसेल तेच उद्दिष्ट, मोजता येईल तोच प्रश्न.
मला पटतं ते. खरंच पटतं.
अकरा वर्षं मी विचारत आले, ‘टीप लिहा : जंतुसंसर्ग’
आणि मुली टीप लिहीत आल्या
हात न धुता.

पहिला रकाना भरभर भरतो.
नाडीचे ठोके, ताप, मिलिग्रॅमचे मिलिलिटर.
दुसऱ्यासाठी पाणी भरलेली बाहुली आहे,
नवजात बाळाच्या वजनाची,
मानेखाली सायकलच्या ट्यूबचं ठिगळ.
मुखवटा नीट बसला तर तिची छाती वर येते.
छाती खोटं बोलत नाही. मी गुण देते.

तिसऱ्यात माझ्याच अक्षरात लिहिलंय :
‘आपल्याला काय माहीत नाही, ते ती कबूल करते.’
भारांश दहा टक्के.
प्रश्न?

तीन रात्री झाल्या.
‘तुम्ही प्रामाणिक आहात का?’
हो, मॅडम. बत्तीस वेळा हो, मॅडम.
‘चूक झाली तर काय कराल?’
वरिष्ठांना कळवू.
हे तर पाठांतर. हा पहिलाच रकाना,
तिसऱ्याचे कपडे घालून आलेला.
शेवटी मी त्या जागेवर एक रेघ ओढली
आणि तिचे दहा टक्के
गुपचूप मिलिलिटरांना देऊन टाकले.

पेपर झाला.
प्रश्न सात : सोबतचा औषधाचा कागद वाचा, मात्रा काढा.
झेरॉक्सवाल्या गोंडवेनं शाई वाचवली होती.
आकडा पाच की तीन, ते कागदालाच माहीत.
मला तपासायला बसल्यावर कळलं.

सतरा जणींनी पाच धरला, चौदा जणींनी तीन.
सगळ्यांची आकडेमोड सुबक,
उत्तराखाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा.
एकीनं, तावोंगा म्सिस्कानं,
जागा कोरी सोडून तळाशी लिहिलं होतं :
‘आकडा वाचता येत नाही.
विचारल्याशिवाय मी हे औषध देणार नाही.
परीक्षेत विचारायला बंदी आहे, म्हणून थांबले.’

उत्तरसूची म्हणत होती, पाच.
म्हणजे तावोंगाला शून्य.
मी लाल पेन खाली ठेवलं.
गार झालेला चहा प्यायले, साय बाजूला न काढता.
नेम धरून तीन रात्री बसले होते
आणि गोळी लागली गोंडवेच्या कंजूषपणाची.

प्राचार्य न्यिरेंडा म्हणाले, सूचीबाहेर गुण देता येत नाहीत.
हवं तर प्रश्न रद्द करा.
केला.
बत्तीस जणींना सारखेच चार.
तीन धरणाऱ्यांना चार, पाच धरणाऱ्यांना चार,
थांबलेलीलाही चारच.
तिनं निकाल पाहिला, दप्तर उचललं
आणि बाहुलीतलं पाणी बदलायला गेली.
तिची पाळी होती.

पुढच्या वर्षी मुद्दामच पुसट छापावं, असं मनात आलं.
पण तोवर वसतिगृहात पोचलेलं असेल :
म्हांगो मॅडमचा आकडा पुसट असतो,
तिथं ‘विचारेन’ लिहायचं, चार गुण.
झालं! तेही पाठ.

नव्या तक्त्यात ती जागा कोरी आहे.
रेघ मी ओढलेली नाही.
फक्त झेरॉक्सला आता स्वतः जात नाही,
शिपायाला पाठवते,
आणि आलेला गठ्ठा
न उघडता वर्गात नेते.